शब्दचर्चा : ‘न्याय करू नका’, मग पुढाऱ्याची पारख कोणत्या शब्दानं?

लेखणी, जालना : आमच्या चर्चच्या मंडळीच्या पत्रकासाठी एका लेखाचं मराठी करतेय. विषय असा की ख्रिस्ती माणसानं पुढाऱ्याला त्याच्या कामावरून जोखावं. मी ‘न्याय करा’ लिहिलं. कमिटीतले काका म्हणाले, “बायबलातलं मत्तय ७:१ काय सांगतं? न्याय करू नका! तू उलटंच शिकवायलीस.” काय लिहू? पारख, परीक्षा, मूल्यमापन?

गोदाकाठ : ताई, काकांना तोच अध्याय १६व्या वचनापर्यंत वाचायला सांगा. ‘त्यांच्या फळांवरून तुम्ही त्यांना ओळखाल.’ आमच्या घरच्या शास्त्रात, म्हणजे बायबलात, पहिल्या वचनात ‘दोष काढू नका’ आहे, म्हणजे नावं ठेवू नका. योहान ७:२४ मध्ये तर प्रभूच यथार्थ न्याय करायला सांगतो. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडं क्रियापद एकच, ‘क्रिनो’. मूल्यमापन नको, ते सरकारी अहवालात शोभतं.

सत्यशोधन : सरकारी म्हणून शब्द बाद? शाळेतली पोरं रोज वापरतात तो. ‘पारख’ही संस्कृत ‘परीक्षा’तूनच आलाय.

बागाईतदार, घनसावंगी : ‘ओळखा’ लिहा. मोसंबीचा डोळा, म्हणजे कलमाची कळी, आम्ही जंबेरीच्या नाहीतर रंगपूर लिंबाच्या खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या रोपावर, बांधतो. डोळ्याच्या खालून खुंटाचे फुटवे येतात. हिरवेगार, सरळसोट, जोमदार. नवखा माणूस तेच राखतो अन् वर बांधलेली मोसंबी उपाशी मरते. फळ यायला चार-पाच वर्षं लागतात, तोवर ते फुटवे काढत राहावं लागतं. पुढाऱ्याचं भाषण म्हणजे तो फुटवा. गावात पाणी आलं का, विधवेचा पगार सुरू झाला का, हे फळ.

गोदाकाठ : भाऊ, पटलं. पण ‘ओळखणे’ म्हणजे नुसती ओळखपाळखही होते. १ थेस्सलनीकाकरांस ५:२१ मध्ये ‘पारख करा’च आहे.

लेखणी : तिथं ‘सर्व गोष्टींची’ पारख आहे, माणसाची नाही. म्हणून ‘पुढाऱ्याच्या कामाची पारख’ लिहावं का? माणसाचा शेवटचा निवाडा देवाकडं राहतो.

सत्यशोधन : ही पळवाट झाली. बायबलात नाथान संदेष्ट्यानं दाविद राजाला तोंडावर सांगितलं, “तो मनुष्य तूच आहेस.” उरीयाची बायको घेतली, त्याला लढाईत मारवलं, ते काम अन् तो राजा वेगळे कसे करणार?

लेखणी : पण नाथान राजाला पश्चात्तापाकडं न्यायला गेला होता. आपण पारावर बसून करतो ते उणंदुणं निराळं.

वेशीवरचा : मुळात ‘पुढारी’ शब्दच बदला. आमच्याकडं पांढरे कपडे घालून तहसीलच्या दारात उभा राहतो तो पुढारी. पाळकाला, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूला, पुढारी म्हटलं तर लोक नाराज होतील.

बागाईतदार : का व्हावेत? पुढं चालतो तो पुढारी. शब्द चांगला आहे, माणसांनी नासवला.

गोदाकाठ : इब्री १३:७ मध्ये ‘अधिकारी’ आहे. त्यांच्या वागण्याचा शेवट काय झाला ते पाहून मगच त्यांच्या विश्वासाचा कित्ता गिरवा, असं तिथं सांगितलंय.

वेशीवरचा : अधिकारी म्हटलं की तलाठी आठवतो. ‘सेवक’ घ्या. मोठं व्हायचं त्यानं सेवक व्हावं, हे मत्तय २०मध्येच आहे.

सत्यशोधन : ‘सेवक’ तर प्रत्येक बॅनरवर छापलेलं असतं हो!