नर्मदेच्या बुडितातली गावं: इंदूरहून एका दिवसात पाहता येतील का?

राजवाडा_इंदूर: सरदार सरोवराच्या पाण्यात गेलेलं चिखल्दा आणि निसरपूरच्या आसपासच्या वस्त्या पाहायच्या आहेत. चौघे आहोत, त्यात सत्तरीच्या आत्या. कोणता महिना बरा? पडक्या घरांत शिरता येतं का?

निमाडवाट: मे ते जूनचा पहिला आठवडा. धरणाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर, सप्टेंबर २०१९ मध्ये ते पहिल्यांदा तिथवर भरलं. पावसाळ्यानंतर पाणी हळूहळू उतरतं, त्यामुळे हिवाळ्यात गेलात तर गाव पाण्यात तरी असेल किंवा नुकतं उघडं पडलेलं. नुकतं उघडलेलं जास्त वाईट. वरचा गाळ सुकून भेगाळतो, खाली लोण्यासारखा मऊ राहतो. भेगा पाहून पाय टाकू नका, आधी काठी टोचा. वीतभर सहज आत गेली तर मागे फिरा. गुरांची पायवाट सापडली तर तीच धरा. चप्पल नको, नाडीचे बूट.

चिखल्दा उत्तर काठावर आहे. धार–मनावर–कुक्षीवरून जा, एका बाजूचे चार तास धरा. दक्षिण काठावरच्या बडवानीकडून नर्मदेवरच्या राजघाटच्या जुन्या पुलाच्या भरवशावर राहू नका, तो पाण्याखाली जातो.

माती_आणि_दगड: घरात शिरू नका. गाव सोडताना लोकांनी सागाचे खांब, तुळया, दारं, कवेलू (छपराची कौलं) काढून नेले. भिंतींना एकमेकींशी बांधून ठेवणारं तेच होतं. आता प्रत्येक भिंत एकटी उभी आहे. त्यात लाटा पायथ्याची माती खातात. पाणी उतरलं की भिजलेली भिंत जड असते आणि बाहेरून पाण्याचा आधारही गेलेला असतो. पायथा बारीक, वर पोट आलेलं दिसलं तर ती आता पडायलाच आली आहे. उंचीच्या दीडपट तरी लांब राहा.

विहिरी त्याहून घातक. कठडा ढासळलेला आणि तोंड गाळ-झुडपांनी झाकलेलं असतं. परसात गोल खळगा किंवा गोलाकार हिरवं गवत दिसलं, तर तिथे विहीर आहे असंच समजा.

राजवाडा_इंदूर: आत्यांना काठापर्यंत नेता येईल?

रेवातीर: नका नेऊ. पाऊस नसतानाही वरच्या ओंकारेश्वर धरणातून पाणी सोडलं की काठ सरकतो. गाडीही उंचावरच ठेवा. आत्यांना वरच्या पक्क्या रस्त्यावर सावलीत बसवा. मे महिन्यात निमाडचं, म्हणजे या नर्मदाकाठच्या भागाचं, ऊन भाजून काढतं, साडेदहाच्या आत फिरणं उरकावं लागेल. त्यासाठी आदल्या रात्री कुक्षीत मुक्काम करा, एका दिवसाचा हट्ट सोडा. माणशी ३ लिटर पाणी.

उघड्या पडलेल्या जमिनीवर कुठे पेरलेलं दिसलं तर बांधावरून चाला. शेंदूर लावलेला दगड दिसला तर तो अजून पुजला जातो, चपला काढा. कवेलूचा तुकडासुद्धा उचलू नका. आणि तिथल्या माणसांसमोर गावाला ‘ओसाड’ म्हणू नका. नाव घेऊन बोला, मग कुणाचं घर कुठे होतं ते तेच दाखवतील.