मदत हवी आहे: तापीकाठचा बंद पडलेला 8 खोल्यांचा लॉज पुन्हा सुरू करायचाय, आधी काय करू?

तापीकाठ:
मुक्ताईनगर तालुका, हतनूर धरणाच्या फुगवट्यालगत. वीटबांधकाम, वर स्लॅब, मागे विहीर. हायवे चौपदरी झाल्यावर गाड्या थांबेनात, मग एका पावसाळ्यात खोल्यांत दोन फूट पाणी शिरलं आणि कुलूप लागलं. भिंतींना तीन फुटांपर्यंत लोणा (ओलीबरोबर वर आलेले पांढरे क्षार), खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा (एकीत रुपयाचं नाणं उभं जातं), संडास तुंबलेले. रंगाऱ्याने पुट्टी-रंगाचं कोटेशन दिलंय. महाशिवरात्रीच्या चांगदेव यात्रेआधी जमेल का?

मुरूमवाला:
रंगाऱ्याला सध्या थांबवा. लोण्यावर पुट्टी मारली की आतले क्षार ती ढकलून पाडतात, पहिल्याच पावसाळ्यात पापुद्रे. ओलीच्या रेषेवर आणखी फूटभर, म्हणजे चार फुटांपर्यंत गिलावा विटेपर्यंत खरवडा, सांधे अर्धा इंच कोरा. क्षार कोरड्या ब्रशने झाडून घमेल्यात भरून बाहेर टाका. धुतले तर विटेतच जिरतात. दोन महिने तरी भिंत उघडी राहू द्या, मग चुन्याचा गिलावा. सिमेंटचा दाट गिलावा ओल कोंडतो आणि ती वर जाऊन पाचव्या फुटाला फुटते.

भेगा काळ्या मातीमुळे पडल्यात. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, पाया तिच्याबरोबर हलतो. प्रत्येक भेगेवर पीओपीचा आडवा पट्टा मारून तारीख लिहा. पट्टा तडकला तर भेग जिवंत आहे, ती बुजवली तर शेजारी दुसरी पडेल. आधी इमारतीभोवती तीन फूट रुंद, दोन फूट खोल माती काढून मुरूम थराथराने धुम्मस करून (ठोकून घट्ट बसवून) भरा. एका वेळी एकच बाजू खणायची आणि पायाच्या तळाखाली जायचं नाही. वर फरशी, तीन फुटांत दोन इंच उतार बाहेरच्या अंगाला. स्लॅबच्या पाइपाचं पाणी पायाशी पडत असेल तर हे सगळं फुकट.

निचरा:
संडासाचं दुखणं बहुधा शोषखड्ड्यात आहे. काळी माती पाणी पीत नाही. खड्डा खाली मुरमाच्या थरापर्यंत न्यावा लागतो, विहिरीपासून निदान 18 मीटर लांब. 16 पाहुणे आणि 4 कामगार धरले तर सेप्टिक टाकी आतून 2.3 बाय 1.1 मीटर, पाण्याची खोली 1.8 मीटर, दोन वर्षांनी उपसा. धरण भरलेलं असताना टाकी रिकामी करू नका. भूजल वर असतं, प्लास्टिकची टाकी तर जमिनीतून उचलून येते.

तापीकाठ:
वायरिंग आणि विहिरीचं काय, भाऊ?

निचरा:
पाण्यात राहिलेले स्विच, एमसीबी वाळवून वापरायचे नाहीत, फेकायचे. वायरला मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून बघा. नवे बोर्ड पुराच्या खुणेच्या दोन फूट वर, मेनला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच).
विहीर उपसून गाळ काढा. मग 1000 लिटरला 2.5 ग्रॅम ताजी ब्लिचिंग पावडर; 10 फूट व्यास आणि 10 फूट पाणी असेल तर साधारण 55 ग्रॅम. बादलीत कालवून फक्त वरची निवळी ओता, तासभर पाणी काढू नका.

भरीतप्रेमी:
सगळ्यात आधी जलसंपदा खात्याकडून पूररेषेचा नकाशा मागा. निळी रेषा 25 वर्षांच्या पुराची, लाल 100 वर्षांच्या. निळ्याच्या आत असाल तर नवीन खोल्यांचा विचार सोडा, आणि डागडुजीलाही काय चालतं ते लेखी घ्या.

यात्रेचा नाद नको. यात्रेकरू दर्शन घेऊन परततो, खोली घेत नाही. तुमचा सीझन हिवाळा: हतनूरला पाहुणे पक्षी, आणि भरीत पार्ट्या. वीस माणसांच्या पार्टीला लागतं काय? झाडून घेतलेलं अंगण, दोन स्वच्छ संडास, चांगली हिरवी भरताची वांगी, ती भाजायला वाळलेल्या कपाशीच्या काड्या आणि कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरी थापणारी बाई. गॅसवर भाजलेलं भरीत द्यायचं असेल तर लोक घरीच खातील. हे जमलं की चार खोल्या उघडा, उरलेल्या चार तोवर वाळू द्या.

तापीकाठ:
नकाशासाठी उद्या अर्ज देतो. पीओपीचे पट्टे पाच भेगांवर मारले, तारखेसकट.