स्कीन्सचं साय यंग आणि एकोणीस वर्षांचा पोरगा

दादा (पिट्सबर्ग): मिळालं! आमच्या स्कीन्सला २०२५ चं साय यंग. ३० पैकी ३० पहिल्या क्रमांकाची मतं!!

आत्या: अभिनंदन! तुमच्या ऑफिसातला का रे?

चिनू: आत्याआजी, पिट्सबर्गच्या पायरेट्स या बेसबॉल संघाचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा आहे तो. साय यंग हे वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचं बक्षीस. आपल्याकडचा बुमराह समज.

मंदार (न्यू जर्सी): अभिनंदन दादा. १० जिंकल्या, १० हरल्या. असा साय यंग पाहिला नव्हता 😄

नानाकाका (सातारा): दहा हरला आणि वर बक्षीस? कळलं नाही बाळ्या.

दादा: नाना, त्याच्या नऊ इनिंगमागे रन्स किती, तर १.९७. म्हणजे अख्ख्या मॅचला दोनसुद्धा नाहीत. २१६ जणांना स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकांत बाद केलं. पण आपल्या लोकांनी एक रन काढायला नको का? ०-१ ने हरलं की हार त्याच्याच खात्यावर.

नानाकाका: म्हणजे बाकीचे झोपले होते.

मंदार: झोपलेच होते नाना. अख्ख्या टीमचे होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखे फटके, ११७, तीस संघांत सगळ्यात कमी. आमच्या न्यूयॉर्क यांकीजच्या एकट्या आरन जजने ५३ मारले.

दादा: यांकीजवाल्याने बोलू नये. आमचा बेडनार जुलैत तुम्हीच नेलात. इथल्याच मार्स गावचा पोरगा, शेवटच्या इनिंगला बॉल टाकायला तोच यायचा.

आत्या: मार्स म्हणजे मंगळ? गावाचं नाव?

चिनू: हो आजी, खरंच आहे. पिट्सबर्गपासून अर्ध्या-पाऊण तासावर.

नानाकाका: स्कीन्स सोडून बाकी टाकणारे कसे आहेत ते सांगा.

दादा: केलर ६ जिंकला, १५ हरला. आकड्यावर जाऊ नका, सुरुवातीला चांगलं टाकूनसुद्धा हरत होता बिचारा. पण उन्हाळा संपता संपता खरंच ढेपाळला, ते मान्य. जोन्सच्या कोपराचं मे महिन्यात ऑपरेशन झालं, २०२५ चा सीझन गेला. आणि बबा चँडलर ऑगस्टमध्ये खालच्या लीगमधून वर, मुख्य संघात आला. हात तोफेसारखा, ताशी १०० मैलांच्या आसपास. दिशा सापडली की मग बघा.

चिनू: बबाला कॉलेजात अमेरिकन फुटबॉलचा क्वार्टरबॅक व्हायचं होतं, तसं झालं असतं तर इथे आलाच नसता.

नानाकाका: गोलंदाजी आहे, फलंदाजी नाही. आमच्या तालुका संघाची हीच गत.

चिनू: म्हणून तर ग्रिफिन! कॉनर ग्रिफिन, १९ वर्षांचा, शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर. २०२५ मध्ये खालच्या तीन लीग मिळून बॅटिंग सरासरी .३३३, २१ होमरन, ६५ बेस चोरले, म्हणजे फटक्याविनाच पळून पुढचा बेस गाठला. एप्रिलमध्ये थेट पीएनसी पार्कला, पायरेट्सच्या मैदानावर आणा!

दादा: चिनू, घाई नको. आल्टूनाला, पायरेट्सच्या डबल-ए संघाकडे, आपण दोघं गेलो होतो ना? तिथे तो २१ मॅच खेळलाय फक्त. आधी ट्रिपल-एला, म्हणजे मुख्य संघाच्या एकच पायरी खाली, जाऊ दे, इंडियानापोलिसला. वाकडे बॉल टाकणाऱ्यांची चार-दोनदा फजिती खाऊ दे.

चिनू: बाबा, फजिती वर येऊनपण होईलच की.

दादा: हेन्री डेव्हिस आठव. २०२१ ला ड्राफ्टमधला, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीतला, पहिला नंबर. २०२५ ला सरासरी .१६७.

मंदार: डेव्हिस कॅचर, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखा आहे दादा, ते ओझं वेगळं. उलट ग्रिफिनच्या बॅटच्या स्विंगवर ड्राफ्टआधी सगळे नाक मुरडत होते, म्हणूनच तो नवव्या नंबरपर्यंत तुम्हाला मिळाला. वर्षभरात पोराने स्विंग सुधारून दाखवला. मी तर चिनूच्या बाजूने.

दादा: यांकीजवाला चिनूच्या बाजूने, म्हणजे मी बरोबर.

नानाकाका: आपल्या इथून एखादा न्या की. उसाच्या फडातली पोरं दगड लांब फेकतात.

दादा: नेले होते नाना! २००८ ला टीव्हीवरच्या स्पर्धेतून रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. दोघं भालाफेकवाले, आणि घेतले कुणी? आमच्याच पायरेट्सनी.

नानाकाका: रिंकू? केकेआरचा?

चिनू: तो वेगळा आजोबा 😂 हा पिचर, नंतर डब्ल्यूडब्ल्यूईत कुस्तीला गेला. दोघंही वरच्या संघापर्यंत पोचले नाहीत.

नानाकाका: असो. मे महिन्यात येतोय, तर त्या स्कीन्सच्या दिवसाचं तिकीट काढ. हरले तरी चालेल.

दादा: त्याची पाळी पाच-सहा दिवसांतून एकदा येते नाना, आणि पावसाने पुढेमागे होते. महिनाभराचं वेळापत्रक येऊ दे.

आत्या: तिथे पावसात खेळत नाहीत? मग क्रिकेटच की.

चिनू: नानाआजोबा, ग्रिफिन तोवर वर आलेला असेल. लावा पैज. हरलो तर तुम्ही राहाल तितके दिवस भांडी मी घासणार.

दादा: स्क्रीनशॉट घेतलाय.