मदत हवी आहे: पोरगी शर्यतीत पहिली आली, पदक दुसऱ्यांना. तक्रार कुठं करायची?

बावडेकर
काल पोरीची पोहण्याची पहिलीच स्पर्धा होती. तिच्या शर्यतीत ती सरळ पहिली आली. मी काठावरच उभा होतो, दुसरी मुलगी चांगली हातभर मागं होती. बक्षिसाच्या वेळी नावच पुकारलं नाही. दुसऱ्या शर्यतीच्या निकालात तर तिच्या नावापुढं वेळच नाही, नुसतं डीक्यू, म्हणजे बाद. टेबलावर विचारलं तर म्हणाले, उद्या या. पोरगी रात्री जेवली नाही. पुढची स्पर्धा दहा दिवसांवर आहे. अर्ज कुणाच्या नावानं लिहायचा तेवढं सांगा, घाई आहे.

निळी टोपी
दादा, कुठला स्ट्रोक, म्हणजे पोहण्याचा कुठला प्रकार? किती मीटर? टँक २५ मीटरचा की ५०चा? वय काय? शाळेची स्पर्धा की संघटनेची? यातलं काहीच लिहिलेलं नाही. अर्जात तरी काय लिहिणार?

पंचगंगेचा पोऱ्या
आमच्या वेळी डीक्यू-बिक्यू काही नव्हतं. कमरेला डबा बांधायचा आणि घाटावरून सोडून द्यायचं. आठ दिवसांत डबा सुटायचा. पुराचं पाणी ओसरलं की या काठावरून त्या काठाला. या टँकमधल्या पोरांना नदीत सोडा, मग कळेल कोण पोहतंय. पोरीला सकाळी घाटावर न्या, दम वाढेल.

निळी टोपी
काका, राग मानू नका, पण लहान लेकराला आज पंचगंगेत सोडा असं लिहू नका. कुणीतरी खरंच नेईल.

लेन चार
पहिल्या शर्यतीचं कोडं मला कळलं. दादा, तुम्ही जी बघितली ती हीट होती. मुली जास्त आणि लेन सहा किंवा आठ, म्हणून गट पाडून पोहवतात. लहान वयोगटात बऱ्याचदा वेगळी फायनल नसते. सगळ्या हीटमधल्या वेळा एकत्र लावतात आणि त्यावर पदक ठरतं. फॉर्मवर आधीची वेळ लिहिली होती का? रिकामी सोडली असेल तर एनटी, म्हणजे 'वेळ नाही', असं धरतात आणि सगळ्यात संथ हीटमध्ये टाकतात. वेगवान पोरी शेवटच्या हीटला असतात. आठ लेन असतील तर त्यातली सगळ्यात वेगवान चार नंबरला, मग पाच, तीन, सहा असं बाहेर बाहेर. तुमची पोरगी कितव्या हीटमध्ये होती?

बावडेकर
पहिल्या. फॉर्म सरांनी भरला होता, वेळेचं मला माहीत नाही. ५० मीटर फ्रीस्टाइल, ४१.८६ सेकंद. पण पहिली ती पहिलीच ना? आणि डीक्यूचं कुणीच बोलत नाही.

निळी टोपी
कारण त्या दुसऱ्या शर्यतीचा स्ट्रोक अजून सांगितलाच नाही तुम्ही!

बावडेकर
ब्रेस्टस्ट्रोक. ५० मीटर. टँक २५चा. सहावीत आहे, अकरा पूर्ण. संघटनेची स्पर्धा. झालं?

निळी टोपी
झालं. मी आठ वर्षं टर्नच्या टोकाला, म्हणजे पोरं भिंतीला लागून वळतात तिथं, उभी राहते, पंच म्हणून. तुमची शर्यत मी बघितलेली नाही, पण पहिल्या स्पर्धेत ब्रेस्टस्ट्रोकला मुलं कुठं अडकतात ते सांगते. २५च्या टँकमध्ये ५० मीटर म्हणजे एक टर्न आला. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायला टर्नला आणि शेवटी, दोन्ही वेळी, भिंतीला दोन्ही हात एकाच क्षणी लागले पाहिजेत. एकावर एक ठेवलेले चालत नाहीत, वेगळे हवेत. वर-खाली असले तरी चालतात. लहान पोरं भिंत जवळ आली की घाईनं एक हात पुढं टाकतात आणि त्याच हातानं वळतात, कारण फ्रीस्टाइलला तसं चालतं. फ्रीस्टाइलला अंगाचा कुठलाही भाग लागला तरी पुरतो.
दुसरं कारण किक. दोन्ही पाय बरोबरीनं, बेडकासारखे फिरले पाहिजेत. एक पाय कात्रीसारखा गेला की गेलं. डाइव्हनंतर आणि टर्ननंतर एक डॉल्फिन किक, म्हणजे दोन्ही पाय जोडून माशासारखी मारलेली, चालते, दुसरी मारली तर बाद.
आणि ब्लॉकवरून, म्हणजे उडी मारायच्या ओट्यावरून, शिट्टी-भोंग्याआधी निघाली असेल तर तिथंच संपतं. पूर्वीसारखी दुसरी संधी आता नाही.
पंचानं चिठ्ठीवर कारण लिहिलेलं असतं. अर्जाआधी ती चिठ्ठी बघायला मागा.

साताऱ्याची आई
माझ्या मुलीचे केस क्लोरीननं गवतासारखे झालेत. टँकमध्ये उतरण्याआधी साध्या पाण्यानं डोकं चिंब भिजवा, मग कॅप घाला. कोरड्या केसांपेक्षा भिजलेले केस टँकचं पाणी कमी ओढतात.

मंगळवार पेठ
ताई, केसांचं कुणी विचारलं? दादा, खरं सांगू का, इथं वेळ घालवू नका. बंगळूरला पाठवा. आपला जलतरणपटू वीरधवल खाडेही तिकडंच जाऊन घडला. एकच स्ट्रोक धरायचा आणि घासायचा. आणि गुडघ्यापर्यंतचा रेसिंग सूट घ्या, दोन सेकंद तिथंच निघतात.

निळी टोपी
वीरधवलचंच उदाहरण नीट बघा. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकला सोळाव्या वर्षी गेला, तो ५०, १०० आणि २०० मीटर फ्रीस्टाइलला. २०१० च्या ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत कांस्य मिळालं ते ५० मीटर बटरफ्लायला! १९८६ साली सोलला खजान सिंगनं २०० मीटर बटरफ्लायमध्ये रौप्य जिंकलं होतं, त्यानंतर जलतरणातलं आपलं पहिलं पदक हे. अकराव्या वर्षी एकच स्ट्रोक धरून बसलो असतो तर? चारही स्ट्रोक येऊ द्या पोरीला.
आणि सूटनं दोन सेकंद निघत नाहीत. ते अंगाला तरंगवणारे पॉलीयुरेथेनचे सूट २०१० पासून बंद आहेत. वाढत्या अंगाला सहा महिन्यांत सूट आखूड होतो. त्या पैशात चांगला गॉगल आणि दोन साधे स्विमसूट येतील.

मंगळवार पेठ
तुम्ही पंच आहात म्हणून पंचांचीच बाजू घेणार. माझ्या पुतण्याला तीन वर्षांपूर्वी असंच काढलं होतं, कारण शेवटपर्यंत सांगितलं नाही.

निळी टोपी
कारण सांगितलं नाही ही पंचांची चूकच. ती मी झाकत नाही. म्हणून तर म्हणते, चिठ्ठी मागा. आंतरराष्ट्रीय नियमात शर्यत संपल्यापासून ३० मिनिटांत लेखी हरकत घ्यावी लागते. स्थानिक स्पर्धेचं माहितीपत्रक बघा, त्यात मुदत आणि फी दिलेली असते. दुसऱ्या दिवशी अर्ज दिला तर निकाल बदलणं कठीण, पण कारण कळणं हा तुमचा हक्क आहे.

शाहूपुरी
दहावीला खेळाच्या सवलतीचे गुण मिळतात, त्यासाठी शालेय स्पर्धा सोडू नका. तिथं १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट असतात, नाव शाळेकडून जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडं जातं. संघटनेच्या स्पर्धेचा मार्गच वेगळा, गटही वेगळे. दोन्हीकडं जन्मदाखला लागतो. आत्ताच चार झेरॉक्स काढून ठेवा.

लेन चार
पोरगी सहावीत आहे ओ, दहावीचं काय. पण हो, झेरॉक्स काढा. एक मात्र लक्षात ठेवा दादा, ४१.८६ ही २५च्या टँकमधली वेळ. ५०च्या टँकमध्ये मधला टर्न नसतो, भिंतीला पाय देऊन मिळणारा धक्काही नाही. तिथं वेळ थोडी जास्त आली तर पोरीवर चिडू नका.

बावडेकर
आज जाऊन आलो. चिठ्ठी दाखवली. पेननं लिहिलंय, "टर्न, एका हाताचा स्पर्श." कागद भिजून शाई पसरली होती, पण वाचता आलं. पोरीला विचारलं तर ती म्हणाली, हो पप्पा, डावा हात नंतर लागला, मला वाटलं चालतं. तिला शिकवलंच नव्हतं म्हणे.
फ्रीस्टाइलची पूर्ण यादीही बघितली. तिसरीला ३८.४०, आमची सातवी. म्हणजे माझंच चुकलं होतं. टेबलावर आवाज चढवला होता, त्याबद्दल माफी मागून आलो. अर्ज देत नाही.
संध्याकाळी घराच्या भिंतीपुढं उभी राहून दोन्ही तळवे एकदम टेकवायचा सराव करतेय. भिंतीवर ओल्या हातांचे ठसे उठलेत. चारदा मोजले, दोन्ही जोडीनं आहेत.
आता शेवटचं विचारतो. पुढच्या स्पर्धेच्या फॉर्मवर वेळ काय लिहायची? सर म्हणतात ३८ लिहा, चांगल्या हीटमध्ये टाकतील.

निळी टोपी
४१.८६ लिहा, जी आली तीच. खोटी वेळ लिहिली तर वेगवान पोरींच्या मधोमध उभी राहील आणि पहिल्या पंधरा मीटरमध्येच त्यांचे पाय बघत बसेल. ब्रेस्टस्ट्रोकला मात्र वेळ नाही, तिथं एनटीच. पहिली हीट येईल. येऊ द्या.

बावडेकर
ठीक आहे ताई. सरांशी उद्या बोलतो.