मदत हवी आहे: बायको जर्मन, आई आणि मी इंडियन पासपोर्टवाले, इमिग्रेशनला एकत्र उभं राहता येतं का?

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

मी कोथरूडचा. बायको जर्मन, चाकणला एका गाड्यांच्या कंपनीत नोकरीला आली होती तेव्हाची ओळख, मागच्या वर्षी स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली रजिस्टर लग्न केलं, ती ३० दिवसांची नोटीस वगैरे सगळं रीतसर. ओसीआयसाठी (परदेशी पासपोर्टवाल्यांना भारतात कायम ये-जा करायचं कार्ड) लग्नाला दोन वर्षं व्हावी लागतात म्हणून सध्या ती एन्ट्री व्हिसावर आहे आणि एफआरआरओचं (परदेशी लोकांची नोंद ठेवणारं सरकारी ऑफिस) रजिस्ट्रेशन झालेलं आहे. तिने आडनाव बदललेलं नाही, मीही बदल म्हटलं नाही, आमचं आडनाव तिच्या माहेरी कुणाला उच्चारता येत नाही.

आता मे महिन्यात मुंबईहून फ्रँकफर्ट आणि तिथून ट्रेनने स्टुटगार्टजवळ तिच्या आईकडे जातोय. बरोबर माझी आई, वय ६८, पहिल्यांदाच परदेशी, इंग्लिश म्हणजे येस नो थँक्यू एवढंच. आम्हा दोघांचे शेंगेन व्हिसे आलेत.

भीती कशाची ते सांगतो. मागच्या खेपेला आम्ही दोघंच युरोपातल्या दुसऱ्या एका देशात गेलो होतो (एअरपोर्टचं नाव घेत नाही, उगाच कशाला). तिथे पाट्या दोन, एक ईयू पासपोर्टची आणि एक ऑल पासपोर्ट्सची. बायको सवयीने आपल्या लाइनीत शिरली, "पलीकडे भेटू" म्हणाली आणि मशीनवर पासपोर्ट ठेवून दोन मिनिटांत बाहेर. मी दीड तास लाइनीत. तेही चाललं असतं हो, पण कागदांची फाइल तिच्या सॅकमधे, हॉटेलचं बुकिंग तिच्या नावावर, परतीचं तिकीट तिच्या मेलवर आणि माझ्या फोनला रोमिंग नाही. खिडकीतल्या साहेबाने विचारलं कुठे राहणार, मी म्हटलं बायकोला माहितीय. बायको कुठाय? पुढे गेली. तिचं आडनाव? सांगितलं. त्याने माझ्या पासपोर्टकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि मला बाजूच्या खोलीत नेऊन बसवलं. पाऊण तासाने तिला शोधून आणलं तेव्हा सुटलो, तोपर्यंत ती बॅगांच्या पट्ट्यापाशी बसून माझ्या बंद फोनवर फोन लावत होती. चूक कुणाची यावर आमच्यात अजून एकमत नाही, तो विषय सोडा.

मला एकट्याला पुन्हा बसवलं तरी एकवेळ चालेल, पण आईला असं खोलीत नेलं तर ती तिथेच रामरक्षा सुरू करेल.

तर बायको आमच्याबरोबर ऑल पासपोर्ट्सच्या लाइनीत उभी राहिली तर चालतं का, का आम्ही तिच्या लाइनीत जायचं? कुणी म्हणतं नवराबायकोला ईयूची लाइन चालते, कुणी म्हणतं हाकलतात. दुसरं म्हणजे ती ठसे आणि फोटोवाली नवीन सिस्टिम (ईईएस) ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झालीय त्यात आईचं काय होणार, कारण तिचे ठसे धड कुठेच उमटत नाहीत, आधारला तीन खेपा झाल्या, चाळीस वर्षं भांडी घासून बोटांवर रेषाच राहिल्या नाहीत. आणि परत येताना मुंबईला सगळं उलटं, आम्ही इंडियनच्या लाइनीत आणि बायको फॉरेनर्सच्या, तर तिला तिथे काही भरावं लागतं का?

अनुभव असलेल्यांनी लिहा प्लीज. "गूगल करा" म्हणणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार, ते करून झालंय.

प्रतिसाद:

माझा नवरा फ्रेंच, मी इंडियन पासपोर्ट, बारा वर्षं हेच करतेय म्हणून लिहिते. गंमत अशी आहे की तुम्ही पॅरिसला उतरला असतात तर तिचा नवरा म्हणून हक्काने ईयूच्या लाइनीत गेला असतात, कारण तो नियम ईयूचा नागरिक दुसऱ्या ईयू देशात जातो तेव्हाचा आहे. जर्मन मुलगी जर्मनीत उतरली की ती आपल्याच घरी आली, मग तो नियम लागत नाही. तरी जोडप्याला सोडतात बरेचदा, पण ते समोरच्या माणसाच्या मर्जीवर. आणि तुमच्या आई कुठेही उतरल्या तरी त्यात सहजी बसत नाहीत, सासू-सासरे धरतात ते जावई-सुनेच्या किंवा लेकाच्या पैशावर अवलंबून असतील तरच, आईंना पेन्शन असेल तर विषय संपला.

म्हणून बायकोलाच तुमच्या लाइनीत उभी करा. ऑल पासपोर्ट्स म्हणजे ऑल, त्यात जर्मनपण आले. खिडकीशी तिघं एकदम जा आणि जर्मनमधे बोलायचं काम तिचं. लग्नाचा दाखला, तिच्या आईचं पत्र पत्त्यासकट, इन्शुरन्स (३० हजार युरोचं कव्हर दिसायला हवं), परतीची तिकिटं, सगळ्याच्या प्रिंट तीन सेट आणि ज्याचा सेट त्याच्या हातात. फोनमधे आहे वगैरे काही ऐकायचं नाही.

ठशांचं टेन्शन घेऊ नका. व्हिसावाल्यांचे ठसे व्हिसाच्या वेळीच घेतलेले असतात, ईईएसमधे नव्याने साठवत नाहीत, फोटो तेवढा काढतात. ताडून बघायला बोट ठेवायला सांगतील कदाचित, नाही जुळलं तरी खिडकीत माणूस बसलेला असतो.

प्रतिसाद:

आईंसाठी व्हीलचेअर बुक करा की, वेगळ्या रांगेने नेतात, बरोबर घरचं एक माणूस सोडतात. निम्मे सदाशिव पेठेतले आईवडील असेच अमेरिकेला जातात.

धागाकर्ता:

सुचवून बघितलं. आई रोज सकाळी पर्वती चढते, १०३ पायऱ्या, न थांबता. म्हणाली खुर्चीत बसून विहीणबाईंसमोर जायचं असेल तर मी येतच नाही.

प्रतिसाद:

मुंबईचं मी सांगतो, माझी बायको ब्रिटिश आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून फॉरेनर्सना ई-अरायव्हल कार्ड भरावं लागतं, उतरायच्या आधीच्या ७२ तासांत, ऑनलाइन आणि फुकट. पैसे मागणारी साइट दिसली तर ती खोटी, बंद करा. एफआरआरओच्या कागदाची प्रिंट तिच्याजवळ असू दे.

आणि एक मोह आवरा. मुंबईला जानेवारी २०२५ पासून फास्ट ट्रॅकची ई-गेट्स आलीत, आधी नाव नोंदवलेल्या इंडियन आणि ओसीआयवाल्यांना. तुम्ही आणि आई त्यातून भुर्रकन बाहेर आणि ती मागे एकटी, म्हणजे मागच्या खेपेचंच उलटं. मी बायकोबरोबर फॉरेनर्सच्या लाइनीत उभा राहतो, आजवर कुणी हाकललं नाही, एकदा फक्त म्हणाले "साहेब तुम्ही तिकडे", मी म्हटलं "घर इकडे आहे", हसले आणि सोडलं. कोण बसलंय त्यावर असतं म्हणा.

जाताना खाऊ काय नेताय? बाकरवडी आणि भाजणी खुशाल न्या. तूप, पेढे, श्रीखंड मात्र काढा, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणि मांस आणायला बंदी आहे, कस्टम्सवाले कचऱ्यात टाकतात, वर दंड.

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार, तीन सेटच्या प्रिंट आजच काढतो. बायकोला वाचून दाखवलं तर म्हणाली "मी तेव्हाच म्हटलेलं", जे ती अजिबात म्हटली नव्हती.

तुपाचं नव्हतं माहीत. आईने कालच दोन किलो लोणी कढवून बरणी भरून ठेवलीय, विहीणबाईंसाठी. विमानात चेक-इन बॅगेत सील करून पण चालत नाही का?

प्रतिसाद:

नाही. सील केलं तरी तूप ते तूपच.