आधीचा आजार पहिल्या दिवसापासून कव्हर करा म्हणणं म्हणजे विम्याचाच गळा आवळणं

बाजारबुणगे :

हल्ली जिथं जावं तिथं एकच मागणी ऐकू येते, आरोग्य विम्यातला वेटिंग पिरियड (पॉलिसी घेतल्यावर आधीच्या आजाराचा खर्च कंपनी देत नाही तो सुरुवातीचा काळ) रद्द करा, बीपी असो, शुगर असो, बायपास झालेली असो, आज पॉलिसी घेतली की आजपासून सगळं कव्हर आणि प्रीमियमही सगळ्यांना सारखा. ऐकायला गोड आहे. माझा साफ विरोध आहे, का ते सांगतो, शिव्या नंतर घाला.

विमा कशाचा काढतात? जे होईल की नाही ते माहीत नाही त्याचा. जे झालेलंच आहे त्याचा विमा नसतो, त्याचं बिल असतं. भिशीत बारा जण आहेत आणि तेरावा येऊन म्हणाला की मला या महिन्यात पैशाची गरज आहे, मी आजपासून मेंबर, पहिला नंबर माझा आणि पुढचे हप्ते भरेन की नाही बघू, तर ती भिशी किती महिने टिकेल? बाकीचे वाईट असतात म्हणून ती मोडत नाही, गणित मोडतं म्हणून मोडते. धडधाकट पोरगा हिशोब करतो की आजारी पडलो की घेऊ, आत्ता कशाला, तो बाहेर जातो, आत उरतात ते सगळे खर्चिक, प्रीमियम वाढतो, मग त्यातले बरे असलेलेही बाहेर.

आणि आपल्याकडे नियम काही जुलमी वगैरे नाहीत हो. १ एप्रिल २०२४ पासून आधीच्या आजाराचा वेटिंग पिरियड जास्तीत जास्त ३ वर्षं, आधी ४ होता. ६५ नंतर नवीन पॉलिसी द्यायचीच नाही असली वयाची आडकाठी गेली. सलग ५ वर्षं पॉलिसी चालवली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय 'तुम्ही आजार लपवला' म्हणून क्लेम नाकारता येत नाही, ही मुदत आधी ८ वर्षं होती. शिवाय एकदा पॉलिसी घेतली की रिन्यूअल जन्मभर, क्लेम केला म्हणून तुमच्या एकट्याचा प्रीमियम वाढवता येत नाही. हा शेवटचा मुद्दा लोक विसरतात. जॉन कॉक्रेन नावाचा अमेरिकन अर्थतज्ज्ञ १९९५ पासून हेच मांडतोय की आधीच्या आजाराच्या प्रश्नाचं बाजारातलं उत्तर म्हणजे दीर्घ मुदतीचा करार, तरुणपणी घ्या म्हणजे पुढे आजारी पडून तुम्ही कंपनीच्या दृष्टीनं महागडं गिऱ्हाईक झालात तर त्याचाही विमा त्यातच आला.

आता ज्यांना आधीच आजार आहे त्यांचं काय? कंपनीला खरी किंमत लावू द्या. डायबिटीसवाल्यांना पहिल्या दिवसापासून कव्हर देणाऱ्या पॉलिसी बाजारात आहेतच, महाग आहेत पण आहेत. ज्यांना तेही परवडत नाही त्यांना सरकारनं करातून सरळ मदत करावी, राजरोस, बजेटमध्ये आकडा दाखवून. ती मदत शेजारच्या पंचविशीतल्या पोराच्या प्रीमियममध्ये लपवू नका.

आगाऊ_कार्टं :

भिशीवाले काका, तेराव्याला कॅन्सर झालाय, तो नंबर मागत नाहीये.

निफाडकर :

बाजारबुणगे, तरुणपणी घ्या म्हणणं सोपं आहे. आमच्याकडं पंचवीस वर्षाचं पोरगं द्राक्षबागेचं कर्ज फेडतं का विम्याचे हप्ते भरतं? शहरातल्या नोकरदाराचं वेगळं, त्याला कंपनीचा ग्रुप विमा असतो आणि गंमत बघा, ग्रुप पॉलिसीत बहुतेक ठिकाणी आधीचा आजार पहिल्या दिवसापासून कव्हर असतो, आईवडलांचा पण. तिथं विमा मोडला का? नाही मोडला, कारण तिथं सगळेच आत असतात, तरणेताठे पण अन् म्हातारे पण. म्हणजे तुमची ती भिशी बारा जणांची आहे म्हणून मोडते, बारा लाखांची करा अन् सगळ्यांना भाग पाडा, मग बघू.

दुसरं म्हणजे तुमचं ते जन्मभर रिन्यूअल. एकट्याचा प्रीमियम वाढवत नाहीत मान्य, पण अख्ख्या प्रॉडक्टचा वाढवतात ना. जुन्या प्लॅनची विक्री थांबवायची, नव्या नावानं नवीन प्लॅन काढायचा, तरणी गिऱ्हाइकं तिकडं, जुन्यात राहिली म्हातारी माणसं, मग दरसाल वाढ. माझ्या वडलांचं हेच झालं, शेवटी हप्ता एवढा झाला की सोडून दिली पॉलिसी, म्हणजे ज्या वयात लागणार तेव्हाच सोडली. जानेवारी २०२५ मध्ये विमा नियामकाला सांगावं लागलं की ज्येष्ठांचा प्रीमियम वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर आधी आम्हाला विचारा. बाजार आपोआप सुधारत असता तर हे सांगायची वेळ का आली?

बाजारबुणगे :

@निफाडकर, बंद प्लॅनचा मुद्दा खरा आहे आणि गंभीर आहे. पण त्यावर उत्तर काय? पोर्टेबिलिटी, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडं नेणं, २०११ पासून आहे, वेटिंग पिरियडचं क्रेडिट सोबत नेता येतं, अडचण ही की नवी कंपनी अंडररायटिंग करून, म्हणजे तुमच्या तब्येतीचा धोका तपासून, तुम्हाला नाही म्हणू शकते. कॉक्रेनची आयडिया नेमकी इथली आहे, तुमची तब्येत बिघडल्यामुळं पुढचा प्रीमियम जेवढा वाढणार तेवढी रक्कम जुन्या कंपनीनं तुमच्या नावे बाजूला काढायची आणि तुम्ही ती घेऊन दुसरीकडं जायचं, मग आजारी गिऱ्हाईकसुद्धा कंपनीला हवंहवंसं होतं. जर्मनीत खाजगी विमावाले तरुणपणी थोडा जास्त प्रीमियम घेऊन म्हातारपणासाठी राखीव ठेवतात, हे हवेतलं नाही. १० टक्क्यांचा बांध घालून काय होणार? म्हाताऱ्यांची पॉलिसी विकायचा कंपनीचा उत्साहच संपणार.

बेलव्ह्यूकर :

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात राहतो म्हणून इथला किस्सा सांगतो, दोन्ही बाजूंना टोचेल. १९९३ मध्ये इथं कायदा झाला, कुणालाही पॉलिसी नाकारायची नाही आणि सोबत सगळ्यांनी विमा घ्यायची सक्तीही पुढे येणार होती. १९९५ मध्ये सक्तीचा भाग काढून टाकला, नाकारायचं नाही हा भाग ठेवला. व्हायचं तेच झालं, लोक गरज लागली की घ्यायचे, काम झालं की सोडायचे. १९९९ पर्यंत वैयक्तिक पॉलिसी नव्यानं विकणारी कंपनी राज्यात उरली नाही. शेवटी २००० मध्ये कायदा बदलला, सगळ्यात आजारी ८ टक्के लोकांना वेगळ्या हाय रिस्क पूलमध्ये, म्हणजे फक्त आजारी लोकांसाठीच्या विमा योजनेत, पाठवायची मुभा दिली तेव्हा कंपन्या परत आल्या. म्हणजे बाजारबुणगेंचं गणित बरोबर.

पण न्यूयॉर्क बघा. तिथंही १९९३ पासून सगळ्यांना सारखा प्रीमियम, सक्ती नाही, प्रीमियम आभाळाला भिडले. २०१४ मध्ये ओबामाकेअर हा देशभराचा आरोग्य विम्याचा कायदा लागू झाला, म्हणजे आधीच्या आजारावरून ना नकार ना जादा पैसे, वर सक्ती आणि सबसिडी, तर तिथले वैयक्तिक प्रीमियम जवळजवळ निम्म्यावर आले. म्हणजे निफाडकरांचं पण बरोबर. पुढे २०१९ पासून सक्तीचा दंड शून्य केला, सगळे म्हणत होते आता कोसळणार, नाही कोसळलं, सबसिडीनं धरून ठेवलं. सबसिडी म्हणजे करदात्याचाच पैसा, हे मात्र इथं कुणी मोठ्यानं म्हणत नाही 😀

बाजारबुणगे :

शेवटचं वाक्य फ्रेम करून ठेवा. मी तरी वेगळं काय म्हणतोय, मदत करातूनच होते, मग ती उघड करा.

निफाडकर :

उघड केली की काय होतं तेही सांगा की. ते हाय रिस्क पूल अमेरिकेत ३५ राज्यांत होते आणि सगळे मिळून त्यात माणसं होती दोन लाखांच्या आसपास. नाकारली जाण्यासारखे आजार असलेले पासष्टच्या आतले लोक तिथं ५ कोटींच्या वर असल्याचा अंदाज होता. सगळ्यांना पूल लागला नसता हे धरलं तरी दोन लाख? काही पुलात वेटिंग लिस्ट, प्रीमियम दुपटीपर्यंत, वर बहुतेक ठिकाणी आत आल्यावर परत वेटिंग पिरियड. बजेटमध्ये आकडा दाखवला की दरवर्षी तोच आकडा पहिला कापतात, आजाऱ्यांची व्होट बँक नसते.

इन्सुलिनवाली :

तुम्ही अमेरिका फिरून आलात की इकडं बघा जरा. मला टाइप वन डायबिटीस आहे, इन्सुलिनवर जगावं लागतं तो, अकराव्या वर्षापासून. तरुणपणी विमा घ्या हा सल्ला मला कुठल्या इयत्तेत द्यायचा होता? 'तहान लागल्यावर विहीर' वगैरे मला लावू नका, मी काही आळस केला नाही. कॉक्रेन साहेबांच्या योजनेत शिरायलाच जागा नाहीये मला.

आणि हे महत्त्वाचं, मी इन्सुलिनचे पैसे मागत नाही. मला डेंग्यू झाला, अपघात झाला, अपेंडिक्स झालं तर कव्हर हवंय, शुगरचं तीन वर्षांनी द्या नाहीतर देऊच नका. तरी प्रपोजल सरळ नाकारलं, एकीनं नाही, तीन कंपन्यांनी. कारण काय तर अंडररायटिंग पॉलिसी. महागडा दर कोट तरी करा म्हटलं, तोही नाही. तुम्ही ज्या 'खऱ्या किमती'बद्दल बोलताय ती किंमत मला कुणी सांगायलाच तयार नाही. टाइप टूवाल्यांची पॉलिसी दाखवून मला समजावू नका प्लीज.

बाजारबुणगे :

@इन्सुलिनवाली, तुमच्यावर अन्याय झालाय यात वाद नाही. पण कारण बघा. ३ वर्षांनी सगळं कव्हर करावंच लागणार, जन्मभर रिन्यूअल द्यावंच लागणार, तुमच्या एकटीचा प्रीमियम नंतर वाढवता येणार नाही, असं सगळं बांधून टाकलं की कंपनी आत घ्यायच्या आधी दारातच अडवते. तुम्ही म्हणताय तशी, शुगर आणि त्यातून येणारं सगळं कायमचं बाहेर, बाकीचं आत, अशी पॉलिसी दोघांच्या मर्जीनं करू द्या, कुणीतरी विकेल.

इन्सुलिनवाली :

आणि 'त्यातून येणारं' कोण ठरवणार? उद्या माझी किडनी, माझा डोळा, पायाची जखम, हार्ट, सगळ्याला शुगरच लावता येते. न्यूमोनियात जास्त दिवस आयसीयूत राहिले तरी म्हणतील शुगरमुळं राहिलात. करार दोघांच्या मर्जीचा पण अर्थ लावणार एकटी कंपनी, तेही मी बेडवर असताना.

टीपीएतला_एक :

टीपीएत, म्हणजे विमा कंपन्यांसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेत, बरीच वर्षं क्लेम बघायचं काम केलंय, आता सोडलं. ताई म्हणतात ते रोजचं आहे. डिस्चार्ज समरीत ज्युनियर डॉक्टर घाईत लिहितो 'बीपी पाच वर्षांपासून', पेशंटच्या भाच्यानं अंदाजे सांगितलेलं असतं, पॉलिसी तीन वर्षांची, झालं, क्लेम लटकला. मग जुने रिपोर्ट आणा, फॅमिली डॉक्टरचं पत्र आणा. दुसरीकडून बघाल तर असेही पेशंट असतात की स्टेंट टाकायचं ठरल्यावर पॉलिसी घेतात आणि वर्षभर दुखणं दाबून बसतात. आणि सगळ्यात जास्त घोळ प्रपोजल फॉर्मचा. एजंट प्रत्येक प्रश्नाला 'नाही' टिक करतो कारण 'हो' म्हटलं की मेडिकल टेस्ट लागते आणि सेल लांबतो, सही तुमची असते. बाजार मुक्त की बांधलेला हा नंतरचा प्रश्न, फॉर्म कोण भरतं तो आधीचा.

निफाडकर :

मला एक सांगा बाजारबुणगे, ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, काय आहे मग? २१ हजारांपर्यंत पगार असलेला कामगार, त्याचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के, कापतात पगारावर, आजारावर नाही. तुला शुगर आहे का कुणी विचारत नाही. १९५२ पासून चाललंय. दवाखाने कसे आहेत त्यावर मी पण शिव्या घालीन, पण तत्त्व तर मोडलं नाही ना?

बाजारबुणगे :

ईएसआयसी विमा नाहीच, तो पगारावरचा कर आहे, नाव विम्याचं. सक्ती आहे, दर सरकारचा, दवाखाना सरकारनं ठरवलेला. आणि तुम्हीच म्हणताय दवाखान्यांना शिव्या घालाल, तर त्या का घालाव्या लागतात याचाही विचार करा, कामगाराला सोडून जायचा पर्याय नाही म्हणून. स्पर्धा नसली की असंच होतं.

इन्सुलिनवाली :

कर म्हणा, विमा म्हणा, मला फरक पडत नाही. पगार २१ हजारांच्या वर, सत्तरी अजून लांब म्हणून आयुष्मानचं ज्येष्ठांचं कार्ड नाही, महात्मा फुले योजनेत यादीतल्या उपचारांची पॅकेजेस आणि तेही ठरलेल्याच हॉस्पिटलात. नोकरीचा ग्रुप विमा आहे तोवर मी ठीक, म्हणून मला नोकरी सोडून स्वतःचं काही सुरू करता येत नाही. मुक्त बाजारवाल्यांना उद्योजक फार आवडतात ना? तुम्ही वर म्हणालात करातून सरळ मदत करा. चालेल. मग सरकारनं माझ्यासारख्यांचा किती टक्के प्रीमियम भरावा, आणि कंपनीनं दरच सांगितला नाही तर कोणत्या आकड्यावर टक्का काढायचा, एवढं लिहा.

बाजारबुणगे :

दर सांगायची सक्ती मला मान्य आहे, नकार लेखी आणि किंमत कोट केल्याशिवाय नाही. घ्यायची सक्ती आणि सारख्या दराची सक्ती मान्य नाही. टक्क्यांचं उद्या लिहितो, आत्ता ऑफिसात आहे.

आगाऊ_कार्टं :

ग्रुप इन्शुरन्सवाल्या ऑफिसात?