१९३८ चं प्रतिलोम लग्न तेव्हा कायद्यात बसत होतं का?

सात_रस्ता: सोलापुरात १९३८ साली ब्राह्मण मुलगी आणि शूद्र गणल्या जाणाऱ्या जातीतला मुलगा यांचं लग्न वैदिक पद्धतीने लागलं असेल, तर ते कायद्याला मान्य होतं का? अमेरिकेत गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला तुरुंग होता, तसं इथेही होतं का? स्थानिक इतिहासाच्या टिपणासाठी हवंय.

दप्तरदार: तुरुंग नव्हता. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या लव्हिंग दांपत्याने १९५८ साली वॉशिंग्टनला जाऊन लग्न केलं, तर घरी परतल्यावर खटला होऊन एक वर्षाची कैद झाली; २५ वर्षं राज्याबाहेर राहायच्या अटीवर ती स्थगित. १९६७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असे कायदे मोडीत काढले. आपल्याकडे दिवाणी कोर्ट लग्नच धरत नसे. नवरा वारला की भाऊबंद उभे: ही बायको नव्हे, पोरं औरस नाहीत, वाटा कसला?

तुमचं उदाहरण प्रतिलोम, म्हणजे बायको वरच्या वर्णाची. बाई काशी विरुद्ध जमनादास (१९१२) खटल्यात मुंबई हायकोर्टाने असं लग्न अवैध ठरवलं. नवरा वरच्या वर्णाचा (म्हणजे अनुलोम) असता, तर बाई गुलाब (१९२२) आणि नाथा (१९३१) या निकालांवर निभावलं असतं. अलाहाबादने मात्र १९०६ मध्येच अनुलोमही नाकारलं होतं. शास्त्र एकच, हायकोर्टं दोन!

कडक_भाकरी: आधी गाव बघा. सोलापूर मुंबई इलाख्यात, पण अक्कलकोट संस्थान आणि तुळजापूर निजामाकडे. मुंबईचे निकाल तिथे बंधनकारक नव्हते.

मग दोघं आर्यसमाजी होते का ते शोधा. असतील तर १९३७ च्या आर्य विवाह कायद्याने जातीचा अडसर उरत नाही. १९३८ च्या डिसेंबरात सोलापुरातच आर्य परिषद भरली होती, त्यामुळे शक्यता अगदीच दूरची नाही. नोंदणी विवाह असेल तरी प्रश्न मिटतो. १८७२ च्या कायद्यात आधी 'मी हिंदू नाही' असं लिहून द्यावं लागे, १९२३ च्या दुरुस्तीने ते सुटलं. पण मग एकत्र कुटुंबातून विभक्त धरत.

सात_रस्ता: दोन्ही नाही. १९४९ च्या कायद्याने जुनी लग्नंही वैध झाली ना?

दप्तरदार: झाली. जातीच्या कारणावरून लग्न 'कधी अवैध होतं' असंही मानायचं नाही, अशी त्यात तरतूद होती. १९३८ चं त्यात येतं. तो कायदा १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने रद्द झाला, जुन्या लग्नांचं संरक्षण कलम २९(१) मध्ये आलं. टिपणात दोन्ही द्या. १९४६ चा कायदा घालू नका. तो सगोत्र आणि पोटजातींपुरता होता, तिथे हमखास गल्लत होते.